आईच्या झडपेची शस्त्रक्रिया आणि हार्ट-लंग मशीन : रुग्णालयाला नेमके काय विचारावे?

जुन्नरची लेक (प्रश्न)

नमस्कार. माझी आई ५८ वर्षांची असून जुन्नर तालुक्यातील आमच्या गावी राहते. मी नोकरीनिमित्त पुण्यात कर्वेनगरला असते. लहानपणी तिचे सांधे सुजून ताप येत असे, त्याकडे त्या काळी कोणी फारसे लक्ष दिले नाही, आणि त्याच तापाने तिच्या हृदयाची मायट्रल झडप जाड व अरुंद झाल्याचे आता तपासणीत निघाले आहे. गेल्या वर्षभरात घरातल्या घरात चालतानाही तिला दम लागतो. फुग्याने झडप रुंद करण्याचा उपाय तिच्या बाबतीत चालणार नाही, कारण झडपेवर कॅल्शियम साचले आहे आणि ती गळतेही आहे, असे हृदयरोगतज्ज्ञांनी सांगितले. त्यामुळे झडप बदलण्याची शस्त्रक्रिया पुण्यातील एका रुग्णालयात साधारण तीन आठवड्यांनी करायचे ठरत आहे.

सर्जन अनुभवी आहेत आणि त्यांनी आमच्याशी शांतपणे बोलून शस्त्रक्रिया समजावली. मात्र ‘साधारण दोन तास आई पंपावर असतील, त्या वेळी हृदय आणि फुप्फुसे दोन्ही थांबलेली असतील’ हे त्यांचे वाक्य ऐकल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नाही. संमतीपत्रावर रक्तस्राव, पक्षाघात, मूत्रपिंडावर परिणाम, जंतुसंसर्ग असे सगळे धोके लिहिलेले आहेत. पण ते टाळण्यासाठी काय केले जाते, हे कोठेच लिहिलेले नाही. आईचे वजन ५० किलो आहे, हिमोग्लोबिन ९.५ आहे आणि साखर थोडी वाढलेली असते.

माझा प्रश्न असा आहे की, या यंत्रावरची शस्त्रक्रिया अधिक सुरक्षित कशाने होते, आणि आमच्यासारख्या नातेवाइकांनी आधी काय विचारणे उपयोगाचे ठरते? धाकट्या भावाचे म्हणणे असे की, डॉक्टरांना असे प्रश्न विचारले तर त्यांना तो अविश्वास वाटेल. मला अविश्वास दाखवायचा नाही, पण काहीच न विचारता सही करणेही जमत नाही. या क्षेत्रातील कोणी येथे असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

पंपामागचा माणूस

ताई, आपला प्रश्न रास्त आहे, आणि तो नीट शब्दांत विचारला तर कोणत्याही जबाबदार डॉक्टरांना त्यात अविश्वास दिसणार नाही. मी आधी मुंबईत आणि नंतर पंचवीस वर्षे पुण्यात परफ्युजनिस्ट म्हणून, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणारा म्हणून, काम केले आणि आता निवृत्त आहे. जे सांगतो ते त्या यंत्रामागे बसून जे दिसते तेवढेच. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांची बाजू त्यांनीच सांगावी.

आधी एक शब्द स्पष्ट करतो. आपल्याकडे ‘बायपास झाली’ म्हटले की, हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिनीला पायातील किंवा छातीतील रक्तवाहिनी जोडली, असा अर्थ घेतात. यंत्राच्या संदर्भातील बायपास निराळा आहे. हृदयाच्या उजव्या बाजूला येणारे अशुद्ध रक्त नळीने बाहेर घ्यायचे, ते रिझर्वॉयर नावाच्या भांड्यात जमू द्यायचे, तेथून पंपाने ऑक्सिजनेटरमध्ये ढकलायचे, तेथे ऑक्सिजन देऊन आणि कार्बन डायऑक्साइड काढून, तापमान जुळवून, गाळून पुन्हा महाधमनीत सोडायचे. हृदय आणि फुप्फुसे या दोन्हींना वळसा घालून रक्त फिरते, म्हणून तो बायपास. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयाच्या पडद्यातील छिद्र बंद केले, तेव्हा यंत्राने २६ मिनिटे हे संपूर्ण काम सांभाळले. ती मुलगी बरी झाली. पण त्यांचे पुढचे रुग्ण वाचले नाहीत आणि गिबन यांनी ते काम थांबवले. १९५५ पासून मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी त्याच यंत्राची सुधारित आवृत्ती घेऊन, प्रयोगशाळेत पुष्कळ सराव करून, ते रुळवले. आम्हाला शिकवताना ही हकीकत मुद्दाम सांगत असत, कारण यंत्र तयार होणे आणि ते सुरक्षितपणे चालवता येणे यांत किती अंतर आहे, हे तिच्यावरून कळते.

हे अंतर किती बारीक गोष्टींचे आहे ते पाहा. आपल्या आईंसारख्या शरीरयष्टीच्या रुग्णासाठी पंपाचा प्रवाह मिनिटाला साधारण ३.६ लिटर ठेवावा लागतो, म्हणजे सेकंदाला ६० मिलिलिटर. रिझर्वॉयरमध्ये ६०० मिलिलिटर रक्त असताना हृदयाकडून येणारी नळी मुडपली किंवा तिच्यात हवेचा खंड पडला, तर ते भांडे दहा सेकंदांत रिकामे होते आणि त्यानंतर पंप रुग्णाच्या महाधमनीत हवा ढकलू शकतो. म्हणून भांड्यावर पातळीचा सेन्सर लावतात, नळीवर बुडबुडा ओळखणारा सेन्सर लावतात, आणि पातळी घसरताच पंप आपोआप मंदावेल किंवा थांबेल अशी जोडणी करतात. पण सेन्सर बसवलेला असणे वेगळे आणि तो चालू असणे वेगळे. घाईच्या दिवशी वारंवार वाजणारा अलार्म बंद करून ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि माझ्या मते या व्यवसायातील सर्वांत घातक सवय तीच आहे. पंप चालू असताना परफ्युजनिस्टने जागा सोडायची नाही, फोन हातात घ्यायचा नाही आणि त्याचे लक्ष दुसऱ्या कामात गुंतवायचे नाही, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून पाळून घेतले.

आता हेपॅरिनविषयी. रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरणार असल्याने ते गोठू नये म्हणून पंप सुरू करण्याआधी हेपॅरिन देतात. मात्रा साधारणतः दर किलो वजनामागे ३०० ते ४०० युनिट असते. औषध दिल्यावर एसीटी नावाची चाचणी करून रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहतात. एरवी हा आकडा शंभराच्या आसपास असतो, आणि पंप सुरू करण्यासाठी तो ४८० च्या वर असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात घडलेला प्रसंग मी कधी विसरलो नाही. हेपॅरिन दिल्याचे सांगितले गेले, नळ्या जोडून झाल्या, उशीर झालेला होता आणि वरिष्ठांनी पंप सुरू करायला सांगितले. एसीटीचा आकडा अजून आला नव्हता. मी तो येईपर्यंत थांबण्याची विनंती केली, त्यावर मला बरेच बोलणे ऐकावे लागले, आणि आकडा आला तो १४० होता. शोध घेतल्यावर दिसले की ज्या सलाइनच्या मार्गातून हेपॅरिन दिले होते तो मार्ग चादरीखाली सुटलेला होता आणि औषध रुग्णापर्यंत पोहोचलेच नव्हते. त्या स्थितीत पंप सुरू झाला असता तर ऑक्सिजनेटर काही मिनिटांत गोठला असता. त्या दिवसापासून ‘हेपॅरिन दिले’ या वाक्यावर मी कधी पंप सुरू केला नाही. आकडा मोठ्याने वाचला जाईल, सर्जन तो पुन्हा उच्चारतील आणि मगच सुरुवात होईल, असा क्रम मी धरला. शेवटी हेपॅरिनचा परिणाम उतरवण्यासाठी प्रोटामिन देतात, तेव्हाही हेच आहे. प्रोटामिन सुरू झाले की शस्त्रक्रियेच्या जागेतील रक्त पंपात ओढणारी सक्शन बंद झालीच पाहिजे, नाहीतर प्रोटामिन यंत्रात शिरून तेथील रक्त गोठते आणि पुन्हा पंपाची गरज पडली तर यंत्र निकामी झालेले असते. एका माणसाने मोठ्याने सांगणे आणि दुसऱ्याने ते परत उच्चारणे, एवढ्याच गोष्टीवर हे अवलंबून असते.

आपल्या आईंच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हिमोग्लोबिनचा आकडा. यंत्राच्या नळ्या रुग्णाला जोडण्याआधी द्रवाने भरून घ्याव्या लागतात आणि त्यासाठी साधारण १.२ लिटर द्रव लागतो. ५० किलो वजनाच्या स्त्रीच्या शरीरात रक्त सुमारे सव्वातीन लिटर असते. त्यात एवढा द्रव मिसळला की ९.५ चे हिमोग्लोबिन पंपावर जाताच सातच्या जवळ येते. तेच सुरुवातीला १२ असेल तर पावणेनऊच्या आसपास राहते. हिमोग्लोबिन कमी असले की मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारा ऑक्सिजन कमी होतो, आणि शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड बिघडण्याचे ते एक मोठे कारण आहे. पूर्वी आम्ही केवळ प्रवाह बघत असू, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २.४ लिटर झाला की समाधान मानत असू. आता प्रवाह आणि हिमोग्लोबिन एकत्र धरून, दर मिनिटाला दर चौरस मीटरला किमान २८० मिलिलिटर ऑक्सिजन पोहोचतो की नाही, हे बघण्याची पद्धत रुळत आहे. हिमोग्लोबिन ८ असताना २.४ लिटरचा प्रवाह या मर्यादेच्या किंचित खालीच राहतो, तो २.६ केला की मर्यादा ओलांडली जाते. इतका लहान फरक, पण तो करायचा तर कोणीतरी तो हिशेब सतत मांडत असावा लागतो. याशिवाय लहान नळ्या वापरणे, किंवा भरलेला द्रव काढून त्या जागी रुग्णाचेच रक्त घेणे, यांनी हिमोग्लोबिनची घसरण कमी करता येते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. थंड केलेले रक्त पुन्हा उबदार करताना ऑक्सिजनेटरमधून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे तापमान ३७ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, कारण शरीराच्या आधी मेंदू तापतो; घाईने उबदार करणे ही जुनी चूक आहे. वीज गेल्यास जनरेटर सुरू होईपर्यंत यंत्राची बॅटरी चालली पाहिजे, आणि तीही बंद पडली तर पंप हाताने फिरवण्याचा दांडा यंत्रालाच लटकलेला हवा. पुण्यात वळवाच्या पावसात दिवे कसे जातात ते आपण जाणताच. तापमान राखणाऱ्या यंत्रातील पाण्याची वेळेवर स्वच्छता होणेही तेवढेच आवश्यक आहे, कारण २०१५ च्या सुमारास युरोपात या यंत्रांच्या पाण्यातून हवेत उडालेल्या मायकोबॅक्टेरियम किमेरा या जंतूमुळे झडप बदललेल्या रुग्णांना महिन्यांनी, वर्षांनी संसर्ग झाल्याचे उघड झाले होते.

आपण रुग्णालयात विचारायचे ते असे विचारा : पंप कोण चालवणार आहेत, त्यांचे रीतसर प्रशिक्षण झाले आहे का, आणि त्या दिवशी ते एकाच थिएटरमध्ये असतील की दोन ठिकाणी? पंप सुरू करण्याआधी लेखी चेकलिस्ट वाचली जाते का? आणि आईचे हिमोग्लोबिन आधी वाढवता येईल का? यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत आधी विचारा, कारण त्याला वेळ लागतो.

सदाशिव पेठेतील वाचक

मी डॉक्टर नाही, केवळ अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया झाली, ती धडधडत्या हृदयावर, यंत्राशिवाय झाली आणि ते आठव्या दिवशी घरी आले. त्यामुळे यंत्र टाळता येते का, हे आपण अवश्य विचारावे असे मला वाटते. दुसरे, त्या रुग्णालयात अशा शस्त्रक्रियांमध्ये शंभरातील किती रुग्ण दगावतात हा आकडा मागून घ्यावा. आम्ही तो मागितला नव्हता. त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या मावशींची झडपेची शस्त्रक्रिया दुसऱ्या एका रुग्णालयात झाली, तेव्हा त्यांना पक्षाघात झाला, आणि तो कशामुळे झाला हे आम्हाला आजपर्यंत कोणी समोर बसून सांगितलेले नाही. गुंतागुंत होऊ शकते हे आम्ही मान्य करतो. पण झाल्यावर कुटुंबाला कोणी काही सांगू नये, हे दुःख वेगळे आहे. म्हणून ‘काही विपरीत घडले तर आमच्याशी कोण बोलेल?’ हा प्रश्नही आधीच विचारून ठेवावा.

भूलतज्ज्ञ, शिवाजीनगर

मी हृदयशस्त्रक्रियांसाठी भूल देते. आधीच्या दोन्ही उत्तरांना थोडी पुस्ती आणि एक दुरुस्ती जोडते.

सदाशिव पेठेतील काकांनी सांगितलेला यंत्राशिवायचा मार्ग हृदयाच्या बाहेरील रक्तवाहिन्या जोडण्यासाठी आहे आणि भारतात तो मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. मायट्रल झडप हृदयाच्या आत असते. ती कापून बदलायची तर हृदय उघडावे लागते, म्हणून आपल्या आईंना पंप टळणार नाही. रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेतही यंत्र टाळले म्हणजे धोका टळला असे सरसकट म्हणता येत नाही. १९ देशांतील ४,७५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आलेल्या मोठ्या चाचणीत, ज्यात भारतातील रुग्णही होते, पहिल्या ३० दिवसांतील मृत्यू, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि डायलिसिस यांच्या एकत्रित प्रमाणात दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक आढळला नाही.

मावशींविषयी वाचून वाईट वाटले, आणि कुटुंबाशी समोर बसून बोलले गेले पाहिजे होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्यांच्या बाबतीत काय घडले हे मी सांगू शकत नाही. एवढे सांगता येईल की झडपेच्या शस्त्रक्रियेत मेंदूला धोका प्रामुख्याने तीन ठिकाणांहून येतो : डाव्या कप्प्यात आधीपासून असलेली रक्ताची गुठळी, महाधमनीच्या भिंतीवरील कॅल्शियमचा तुकडा, आणि उघडलेल्या हृदयात राहिलेली हवा. अन्ननलिकेतून केलेल्या इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, गुठळी आधी दिसते आणि शेवटी हवा उरली आहे का तेही दिसते. महाधमनीवर प्रत्यक्ष सोनोग्राफीचा प्रोब ठेवला तर पंपाची नळी कोठे घालू नये ते कळते. केवळ बोटाने चाचपून ते नेहमी कळत नाही. बरेच सर्जन उघडलेल्या छातीत कार्बन डायऑक्साइड सोडत ठेवतात, कारण तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने हवेची जागा घेतो, आणि त्याचा बुडबुडा राहिलाच तर तो रक्तात लवकर विरघळतो. आपण सर्जनना ‘आईच्या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेतून इको होणार आहे ना?’ एवढे विचारावे. झडपेच्या शस्त्रक्रियेत त्याचे उत्तर ‘हो’ असेच असावे.

मृत्यूच्या टक्केवारीविषयी मी काहीशी निराळ्या मताची आहे. नुसता आकडा फसवा असतो, कारण जे रुग्णालय अत्यवस्थ रुग्ण नाकारते त्याचा आकडा चांगला दिसतो आणि जे त्यांना स्वीकारते त्याचा वाईट दिसतो. म्हणून रुग्णाचे वय, मूत्रपिंडांची स्थिती, हृदयाची ताकद, शस्त्रक्रियेची निकड अशा गोष्टी धरून अपेक्षित धोका काढतात. युरोस्कोर दोन हे त्यासाठीचे २०१२ पासूनचे एक प्रचलित कोष्टक आहे, जरी ते आपल्याकडील संधिवाती झडपांच्या रुग्णांवर बेतलेले नाही. ‘आमच्या आईसाठी आपला अंदाज किती आहे आणि तो कशावरून?’ हा प्रश्न मला जास्त उपयोगी वाटतो.

आणि आकडे नुसते छापण्यापेक्षा ते घेऊन शिकणे महत्त्वाचे, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अमेरिकेतील मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या तीन राज्यांतील हृदयशल्यचिकित्सक १९८७ मध्ये एकत्र आले. त्यांनी आपापले निकाल एकमेकांपुढे मांडले आणि पुढे एकमेकांच्या थिएटरमध्ये जाऊन काम पाहिले; सर्जनच नव्हे, तर भूलतज्ज्ञ, परफ्युजनिस्ट आणि परिचारिकाही गेल्या. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार रक्तवाहिन्यांच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा २४ टक्क्यांनी कमी झाले. एवढा परिणाम एखाद्या नव्या औषधाने झाला असता तर त्याची जाहिरात जगभर झाली असती. पुण्यात काही किलोमीटरांच्या अंतरात इतकी हृदयशस्त्रक्रिया केंद्रे आहेत, शिवाय लष्कराचे हृदयवक्ष केंद्रही येथेच आहे. आपण एकमेकांच्या थिएटरमध्ये असे सहज जाऊ लागलो तर रुग्णांचे फार भले होईल, असे मी सहकाऱ्यांना नेहमी सांगते.

चेकलिस्टविषयी पंपामागच्या माणसाने लिहिलेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा चेकलिस्ट जगातील आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली, त्यांत दिल्लीतील एक होते, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. पण फक्त खुणा करून फाइलला लावलेला कागद काही वाचवत नाही; सर्वांनी हात थांबवून तो ऐकला पाहिजे.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी आता सांगते. आईंचे दात दंतवैद्यांकडून तपासून घ्या, कारण किडलेल्या दातातील जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसू शकतात. दात काढायचा असेल तर तो शस्त्रक्रियेआधी काढून जखम भरू द्यावी. त्या घेत असलेल्या प्रत्येक गोळीची यादी, गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि आयुर्वेदिक गोळ्यांसकट, आम्हाला आणून दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे आम्ही सांगू, स्वतःहून काहीही बंद करू नये. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, कारण ही औषधे शस्त्रक्रियेच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागतात. नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकते. अँजिओग्राफी होणार असेल तर तिच्यातील रंगद्रव्याचा मूत्रपिंडावर ताण येतो, म्हणून ती आणि शस्त्रक्रिया अगदी पाठोपाठ न करता मधे मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्तचाचणी केलेली बरी.

रात्रपाळी

मी हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. थिएटरमधून रुग्ण आमच्याकडे येतो ती दहा-पंधरा मिनिटे फार नाजूक असतात. एकाच वेळी व्हेंटिलेटर जोडायचा, औषधांचे पंप बदलायचे, मॉनिटर लावायचा, आणि त्याच गडबडीत भूलतज्ज्ञ सांगत असतात की कोणते औषध किती चालू आहे आणि रक्त किती दिले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील डॉक्टरांनी मोटारशर्यतीत चाके बदलणाऱ्या फेरारीच्या पथकाकडून हे कसे करावे ते शिकून घेतले, आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हस्तांतरातील चुका कमी झाल्याचे दिसले. आमच्या विभागात आता नियम आहे की, आधी सर्व यंत्रे जोडून स्थिर करायची आणि मगच बोलायला सुरुवात करायची. एक जण बोलेल, बाकीचे ऐकतील आणि शेवटी मी ते परत वाचून दाखवीन. हा नियम येण्याआधी कोणत्या गोष्टी सुटत असत, ते आम्हालाच माहीत आहे.

पहिल्या रात्री आम्ही छातीतील नळीतून येणारे रक्त दर तासाला मोजतो. जास्त येणे जसे काळजीचे, तसेच चांगले वाहणारे रक्त एकदम थांबणे आणि त्याच वेळी रक्तदाब उतरणे हेही काळजीचे असते, कारण नळी गुठळीने बंद होऊन रक्त हृदयाभोवती साचत असू शकते. नातेवाईक बाहेर ‘रक्त थांबले, बरे झाले’ म्हणतात आणि आम्ही आत सर्जनना फोन लावत असतो.

ताई, आपण दोन गोष्टी करा. आई चष्मा किंवा श्रवणयंत्र वापरत असतील तर ते नाव लिहून आमच्याकडे द्या. शस्त्रक्रियेनंतर वयस्क माणसे एक-दोन दिवस भांबावतात, आपण कोठे आहोत ते त्यांना कळत नाही, आणि नीट दिसले-ऐकू आले की ते पुष्कळ कमी होते. दुसरे, फुप्फुसांच्या व्यायामाचे, श्वासाने तीन छोटे चेंडू उचलायचे यंत्र आतापासूनच घरी आणून त्यांना शिकवा. छातीचे हाड जोडलेले असताना नवीन काही शिकणे वेदनादायक असते. उशी छातीशी धरून खोकायचे कसे, हेही आधी दाखवून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित होणे हे अशा शस्त्रक्रियांनंतर बऱ्याच रुग्णांत घडते आणि त्यावर उपचार आहेत. ते कळल्यावर घाबरून जाऊ नका.

जुन्नरची लेक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल मी आणि भाऊ सर्जनना भेटलो. मी प्रश्न एका कागदावर लिहून नेले होते आणि त्यांनी तो कागद स्वतः हातात घेऊन एकेक उत्तर दिले. भावाची भीती खरी ठरली नाही. परफ्युजनिस्टही पाच मिनिटे बाहेर येऊन भेटले. त्या दिवशी ते एकाच थिएटरमध्ये असतील आणि त्यांच्याबरोबर एक साहाय्यक असेल. अन्ननलिकेतून इको होणार आहे. ‘काही घडले तर कोण बोलेल?’ या प्रश्नावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले की ते स्वतः बोलतील.

हिमोग्लोबिनचा विषय काढल्यावर त्यांनी लोहाची तपासणी करायला सांगितली आणि आज अहवाल आला. लोह बरेच कमी आहे. शिरेतून लोह देऊन शस्त्रक्रिया चार आठवडे पुढे ढकलावी असे त्यांचे मत आहे, कारण हृदयरोगतज्ज्ञांच्या मते तेवढे थांबण्यासारखी आईची स्थिती आहे. आता गावाकडे सगळे विचारत आहेत की ढकलायचे कशाला, सरळ आधी दोन बाटल्या रक्त चढवून का घेत नाहीत? रक्त द्यायला पंधरा जण तयार आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या मंजुरीची तारीख पुढे जाईल, याचीही भावाला काळजी आहे. यावर काय सांगावे?

पंपामागचा माणूस

ताई, हे ऐकून फार बरे वाटले. आईंचा दम वाढला, पायांना सूज आली किंवा रात्री आडवे होता आले नाही, तर चार आठवड्यांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्यावे. तेवढे सोडून हा वेळ योग्य कामी लागत आहे.

गावाकडच्या मंडळींना असे सांगा की, बाटलीतील रक्त हेही एक प्रत्यारोपणच आहे. ते आवश्यक असेल तेव्हा प्राण वाचवते, पण त्याने शरीराची प्रतिकारशक्ती आणि फुप्फुसे यांच्यावर ताण येतो. शिवाय अरुंद झडपेच्या रुग्णाला एकदम जास्त द्रव चढवला तर फुप्फुसांत पाणी भरू शकते. लोहाने आईंचे स्वतःचे रक्त वाढेल आणि त्याला कोणतीच जुळवाजुळव लागत नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना हिमोग्लोबिन ७.५ च्या खाली गेल्यावरच रक्त दिले तरी निकाल सढळ हाताने रक्त देण्यापेक्षा वाईट आले नाहीत. म्हणून हल्ली डॉक्टर रक्त देण्याआधी विचार करतात, ते कंजूषपणाने नव्हे.

जे पंधरा जण तयार आहेत त्यांना निराश करू नका. झडपेच्या शस्त्रक्रियेत रक्त आणि प्लेटलेट हाताशी राखून ठेवावेच लागतात. ताजे प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून त्यांतील चार-पाच जणांनी शस्त्रक्रियेच्या आधीच्या दोन दिवसांत यावे आणि बाकीच्यांनी आपल्या सोयीने केव्हाही जवळच्या रक्तपेढीत दान करावे. कोणी किती द्यायचे हे रुग्णालयाच्या रक्तपेढीला विचारूनच ठरवा.

योजनेच्या बाबतीत रुग्णालयातील आरोग्यमित्रांच्या खिडकीवर आजच जा, शस्त्रक्रिया वैद्यकीय कारणाने पुढे जात असल्याची सर्जनची चिठ्ठी सोबत ठेवा आणि मंजुरीचे पुढे काय करायचे ते त्यांच्याकडून लिहून घ्या. लोह दिल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासतील. तो आकडा परफ्युजनिस्टलाही कळवायला सांगा, म्हणजे नळ्या किती लहान घ्यायच्या आणि द्रव किती कमी करायचा, याचा हिशेब त्यांना आदल्या दिवशीच मांडून ठेवता येईल.